उल्मानचे आकडे

लिंझी ट्रेव्हरो हरला तर मेरिलिनला कॅरॅव्हॅन मिळणार होती. नवी नव्हे, तिच्या ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या एका बाईची, पडद्यांवर पेलिकन छापलेली. पण आत दोन पलंग होते, छोटा फ्रिज होता आणि मुख्य म्हणजे ताठ उभं राहून कपडे बदलता येतील एवढी उंची होती. लिंझी जिंकला तर घरात राहणार होती ती लाल दोन-दारी गाडी. तिच्यात बसताना गुडघे हनुवटीला भेटत आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागे. दोन्ही ठेवायला अंगणात जागा नव्हती आणि बँकेत तर त्याहून नव्हती.

करार लिंझीनेच केला होता. नाताळच्या जेवणात, मेव्हणीच्या साक्षीने, तिसऱ्या ग्लासाच्या भरात. "केटल हिलच्या शेवटच्या चढाईत पहिल्या तिघांत आलो नाही, तर गाडी विकीन आणि तुझा तो डबा घेईन!"

मेरिलिन पोर्ट अ‍ॅडलेडला जहाज कंपनीत पगारपत्रकं सांभाळायची. नवऱ्याचा शब्द तिने जमेच्या बाजूला लिहून ठेवला. टेकडीवर गाडी कमीत कमी वेळात चढवायच्या त्या शर्यतीत गेली चार वर्षं लिंझी पाचवा येत होता, कधी सहावा. पेलिकन काढून कुठले पडदे लावायचे, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

लिंझी नगरपालिकेत होता. लोकांची कुंपणं नियमापेक्षा किती उंच आहेत ते मोजत फिरायचा. मोजमापावर जगणाऱ्या माणसाला आपल्या अपयशाचं कारणही मापातच सापडतं. त्यांच्या मोटार क्लबात तशीही एक श्रद्धा होती की वेग इंजिनात नसतो, चाकांच्या ठेवणीत असतो. चाकाचं डोकं आत किती झुकवायचं, तो कॅम्बर. पुढची चाकं बदकासारखी बाहेर फाकवायची की कबुतरासारखी आत वळवायची, तो टो. क्लबातले बाप्ये दारूच्या दुसऱ्या कॅननंतर स्वतःचा पगार सांगत, बायकोचं ऑपरेशन सांगत, पण कॅम्बर सांगत नसत.

आणि दर वर्षी जिंकायचा डेस उल्मान. टनुंडाकडचा, द्राक्षाच्या मळ्यातला, साठीपलीकडचा, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात असा. त्याला कुणी चाकांचं माप विचारलं की तो म्हणे, "फॅक्टरीतून आली तशीच आहेत."

आता या भागाची रीत अशी, की ज्याचं पीक दुप्पट आलं तो म्हणतो, "वाईट नाही." ज्याचा पाय दोन ठिकाणी मोडला तो म्हणतो, "जरा ठणकतंय." तेव्हा फॅक्टरीतून आली तशीच, याचा अर्थ क्लबाने एकमुखाने असा लावला होता की म्हाताऱ्याकडे भयंकर काहीतरी आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी लिंझी बिअरचं खोकं घेऊन उल्मानच्या शेडमध्ये गेला. बरोबर मेरिलिन, कारण परतताना तिच्या बहिणीकडे जायचं होतं. बिअर हलकीतली होती, साडेतीन टक्क्यांची. गाडीवर खर्च करणारा माणूस लाचेत काटकसर करतो.

उल्मानने घरची लोणच्यातली काकडी पुढे केली. मेरिलिन उलट्या क्रेटवर बसून ती खात होती.

"डेस, आज खरं सांग," लिंझी म्हणाला. "कॅम्बर किती?"

"फॅक्टरीचा."

"अरे, मी काय आज आलोय होय क्लबात?"

"फॅक्टरीचाच आहे, बाबा. मी कधी हातच लावला नाही."

"बघ मेरिलिन, कसा बेरकी आहे! डेस, माझी गाडी जाईल रे. हिला डबा हवाय. चार पलंगांचा."

"दोन," मेरिलिन म्हणाली.

उल्मानने एक सुस्कारा टाकला. खरं सांगून माणूस टळत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने हातातला कॅन फिरवला आणि त्यावर काय छापलंय ते डोळे बारीक करून बराच वेळ वाचलं.

"साडेतीन," तो म्हणाला.

लिंझी पुढे सरकला. "साडेतीन अंश आत? आणि टो?"

उल्मानची नजर खोक्याकडे गेली. सहा-सहाच्या पुडक्यांतलं एक फुटलेलं होतं. "सहा."

"सहा मिलिमीटर? बाहेर?"

"आत तर नक्कीच नाही," उल्मान म्हणाला आणि घुटका घेतला.

परतीच्या वाटेवर लिंझी हेलावून गेला होता. "पाहिलंस ना? सांगू की नको, सांगू की नको, केवढं झुंजला स्वतःशी! मला तर वाईटच वाटलं."

मेरिलिनने सगळं पाहिलं होतं. कॅनवरचा आकडा तिला बसल्या जागेवरून वाचता येत होता. पण तिला त्या क्षणी पडदे दिसले, निळ्या पट्ट्यांचे, आणि तिने काकडीचा देठ खिडकीबाहेर टाकला.

चाकांचं काम फोटिस कालूडिसकडे. सॉल्सबरीत त्याचं दुकान. तोंडाने गोड, बिल करताना त्याहून गोड.

"साडेतीन?" तो म्हणाला. "लिंझी, गाडी रस्त्यावर चालवायचीय ना? चाक आतल्या कडेवर पळेल. रबर आतून झिजेल, बाहेरून नवंकोरं दिसेल. कळेल तेव्हा टायरच्या आतल्या तारा बाहेर निघालेल्या असतील."

लिंझीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उल्मानचे आकडे आहेत."

फोटिसने हात पुसले. "उल्मानचे? मग मी कोण बोलणारा! वेगळे बोल्ट मागवावे लागतील तेवढे."

बोल्ट आले, चाकं झुकली. गाडी अंगणात उभी राहिली ती लग्नातून परतलेल्या मामासारखी, पाय फाकून. लिंझी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यापुढे उभा राही आणि टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवी. "बघ, नव्या टायरवरचे रबराचे केससुद्धा गेले नाहीत अजून."

हे गुपित त्याने शपथ घालून एकाच माणसाला सांगितलं. बुधवारपर्यंत फोटिसकडे रांग लागली. महिनाअखेर क्लबाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर छापून आलं: "उल्मान सेटिंग". खाली उल्मानचा फोटो होता, मनाविरुद्ध काढल्यासारखा, पण केस विंचरलेले.

लिंझीचं ऑफिस घरापासून चालत जाण्याजोगं, म्हणून कामाच्या दिवशी लाल गाडी मेरिलिनकडे. ग्रँड जंक्शन रोडवर कंटेनरच्या ट्रकांनी चाकोऱ्या पाडलेल्या. गाडी प्रत्येक चाकोरीत डोकावून बघायची. मेरिलिन म्हणे सरळ, गाडी म्हणे थांब, इथे काय आहे ते पाहू.

"चालते कशी म्हणजे?" तिने तक्रार केली तेव्हा लिंझी म्हणाला. "संवेदनशील झालीय ती. रस्त्याशी बोलते."

"रस्त्याशी बोलू दे, पण ट्रकच्या गळ्यात नको पडायला."

मार्चच्या एका सकाळी गाडी खरंच ट्रकच्या गळ्यात पडायला निघाली. चाकोरीत चाक गेलं, स्टिअरिंग हातातून हिसकलं आणि कंटेनरच्या भिंतीवरची अक्षरं मेरिलिनच्या खिडकीएवढी मोठी झाली. कशीबशी वाचली. पुढच्या पेट्रोल पंपावर तिने गाडी थांबवली, थंड कॉफी घेतली आणि गाडीतच बसून हिशोब केला.

गप्प बसलं तर कॅरॅव्हॅन आपली. अशा चाकांवर लिंझी केटल हिलवर पहिल्या तिघांत काय, पहिल्या दहांत येत नाही. ऑफिसला दोन-तीन आठवडे बसने गेलं की झालं. पण लिंझी दर रविवारी सरावाला गॉर्ज रोडने जायचा. एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला खाली नदी. आणि जाताना शीळ वाजवायचा. विधवेला कॅरॅव्हॅन फार मोठी पडते.

तिने गाडी फोटिसकडे वळवली.

"सरळ कर," ती म्हणाली.

"लिंझीला माहीत आहे?"

"त्याला कळलं तर उद्या परत तिरकी करून घेईल."

"मला काय, मी परत करीन," फोटिस प्रामाणिकपणे म्हणाला. "पण बाईसाहेब, चाकं एकदम उभी दिसली तर त्याला कळेल. टो डोळ्यांना दिसत नाही, तो शून्य करतो. खरं विष तेच. कॅम्बर दिसतो. दीड ठेवतो, नवऱ्याच्या डोळ्यांपुरता तिरकेपणा."

मेरिलिनने विचारलं, "आणि असं केलं की गाडी पळेल कशी?"

फोटिसने कान खाजवला. "खरं सांगू? रस्त्यावरच्या गाडीला याहून चांगलं माप मला माहीत नाही. पळेल. चांगलीच पळेल."

दुकानाच्या दारात एक माणूस आपली गाडी साडेतीनवर न्यायला उभा होता. मेरिलिनने त्याच्याकडे पाहिलं, लाल गाडीकडे पाहिलं. निळ्या पट्ट्यांचे पडदे तिने मनातल्या मनात घडी घालून ठेवले.

"कर," ती म्हणाली.

त्या रविवारी लिंझी गॉर्ज रोडवरून परतला तो नाचतच. "आज बसली बघ गाडी! उल्मानचे आकडे मुरावे लागतात गं, लोणच्यासारखे. पहिले काही दिवस आंबट, मग काय चव!"

"हात धू," मेरिलिन म्हणाली, "जेवायला वाढलंय."

केटल हिलच्या शेवटच्या चढाईला अख्खा क्लब पाय फाकून उभा होता. चढाईआधी गाड्यांची तपासणी असते. तपासणारा माणूस टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत निघाला आणि पहिल्याच गाडीशी "आई गं!" करून बोट चोखू लागला. तार लागली होती. मग त्याने हातमोजा घातला. निम्म्याहून अधिक गाड्या त्याने बाजूला काढल्या. त्यांचे मालक टायरची बाहेरची कडा दाखवत होते आणि म्हणत होते, "अरे पण नवे आहेत की!"

उल्मानची गाडी पास झाली, कारण त्याने चाकं आदल्या आठवड्यातच झुकवून घेतली होती. ज्याच्या नावाचं सेटिंग छापून आलं, त्याचीच चाकं सरळ कशी दिसतील? इतकी वर्षं डोळे मिटून घेतलेल्या वळणांवर तो त्या दिवशी स्टिअरिंगशी कुस्ती करत वर गेला.

लिंझी पहिला आला. उल्मान दुसरा.

"कुठलं माप आहे रे?" सगळ्यांनी लिंझीला घेरलं.

"उल्मानचंच. अगदी काट्यावर."

"हॅ! आम्हाला शिकवतोस?"

"आईशप्पत उल्मानचंच!"

"राहू दे, राहू दे. पहिला आला की माणूस असाच बदलतो."

लिंझीला पहिल्यांदाच खरं बोलूनही खोटेपणाचा संशय सोसावा लागत होता, आणि तो बिचारा खरंही बोलत नव्हता.

सॉसेजच्या टेबलापाशी उल्मान मेरिलिनजवळ येऊन उभा राहिला. पावावर कांदा घालत हळूच म्हणाला, "मी तर कॅनवरचं वाचलं होतं."

"माहीत आहे. समोरच बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

उल्मानने पावाचा घास घेतला. "फॅक्टरीचं म्हटलं तर कुणी ऐकेना. आणि फोटो छापून आल्यावर..." त्याने खांदे उडवले. मग लाल गाडीच्या चाकांकडे नीट पाहिलं. शेतकऱ्याची नजर. कुठली वेल कुणी छाटली ते तिला कळतं. "तुमच्या गाडीची चाकं बरी दिसतात."

"वाईट नाहीत," मेरिलिन म्हणाली.

तो पहिल्यांदाच हसला आणि दुसऱ्या कुणाला काही बोलला नाही.

घरी जाताना लिंझीने करंडक तिच्या मांडीवर दिला, कारण गाडीत दुसरीकडे जागा नव्हती. तिने सांगायचं म्हटलं असतं तर सांगता आलं असतं, की ते माप माझं. पण करारात माप कुणाचं असावं असं कुठे लिहिलं होतं? सांगून कॅरॅव्हॅन आली नसती, फक्त करंडक गेला असता. पगारपत्रकात अशी नोंद कुणी करत नाही.

"हे बघ," लिंझी मोठ्या मनाने म्हणाला, "मी जिंकलो म्हणून तू फिरायचं नाहीस असं थोडंच? एप्रिलमध्ये जाऊ यॉर्कच्या किनाऱ्याला. याच गाडीने. छोटा तंबू बसतो मागे. स्टोव्ह नाही बसणार, पण तू सँडविच छान करतेस."

पेलिकनवाली कॅरॅव्हॅन त्याच आठवड्यात वायअ‍ॅला गावच्या एका जोडप्याने नेली. फोटिसने चाकं झुकवण्याचे घेतले, सरळ करण्याचे घेतले आणि नव्या टायरचेही घेतले. त्याला या मोसमात काही पडलं नाही, मिळालंच. टायर क्लबाने भरले, पहिला नंबर उल्मानने भरला आणि लिंझीच्या करंडकाचे पुरते पैसे मेरिलिनने भरले, पावती न मागता.