अमीरबीची निवड

"ही दुसऱ्या नंबरात का टाकली, चाची?"

बुद्धप्रियानं टॅबवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. लांब, लालभडक, देठ काढलेली मिरची. तिला तरी त्यात काही खोट दिसत नव्हती.

अमीरबीनं फोटोकडे पाहिलंच नाही. समोरच्या ट्रेमधली तीच मिरची तिनं चिमटीत उचलली आणि कानाशी नेऊन हलवली.

"बी वाजत न्हाई," ती म्हणाली. "आत ओल हाय. आठ दिसांत पांढरी पडंल."

पण कॅमेऱ्याला कान नसतात, असं बुद्धप्रियानं तिला समजावलं. ओल डोळ्यांना कुठं दिसते, ते सांगायला हवं होतं. अमीरबी विचारात पडली. धर्माबादच्या मोंढ्यात ती एकतीस वर्षं मिरची निवडत होती, पण 'का' हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. तिनं पहिल्यांदाच फोटो नीट न्याहाळला आणि मिरचीच्या खांद्यापाशी बोट टेकवलं. सुकलेल्या मिरचीला इथं बारीक सुरकुती पडते, हिची साल ताणलेली आहे, ती म्हणाली. हे आपल्याला ठाऊक होतं, याचं तिलाच नवल वाटलं. बुद्धप्रियानं त्या जागी गोल काढला आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

हे सगळं अमृतरावांच्या आडत दुकानामागच्या गोदामात चाललं होतं. पूर्वी हैदराबादचे व्यापारी स्वतः यायचे, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर मिरची हुंगायचे. पुढं पुढं तेही बंद झालं. 'अमीरबीच्या ओळीचा माल' म्हटलं की पोतं न उघडताच सौदा व्हायचा. आता माल फोनवर विकला जाऊ लागला. चेन्नईला बसलेलं गिऱ्हाईक धर्माबाद कधी बघणार नव्हतं आणि अमीरबी कोण, हे त्याला कळणार नव्हतं. त्याला पडद्यावर फोटो दिसायचा आणि खाली नंबर. त्या नंबरावर त्याचा भरवसा बसायला हवा होता. म्हणून फोनवर बाजार चालवणाऱ्या कंपनीनं अमृतरावांना विचारलं होतं, की तुमच्याकडे सगळ्यांत चांगला हात कुणाचा? त्यांनी बारा बायांच्या ओळीच्या टोकाला बसलेल्या अमीरबीकडे बोट दाखवलं होतं.

तेव्हापासून अमीरबी खुर्चीवर बसून काम करत होती. डोक्यावर पंखा होता. मिरचीच्या धुळीनं खोकल्याची ढास लागत नव्हती. समोर एकेका मिरचीचा फोटो यायचा आणि खाली तीन रंगांची बटणं असायची. एक नंबरला हिरवं, दोन नंबरला पिवळं आणि फटकीला, म्हणजे डागाळलेल्या पांढुरक्या मिरचीला, लाल. खराब मिरचीला लाल रंग ज्यानं ठरवला त्यानं मिरची कधी पाहिली नसणार, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती आणि बुद्धप्रिया खूप हसली होती.

बुद्धप्रिया मूळची भोकरची. नांदेडला इंजिनिअरिंग करून त्या कंपनीत लागलेली. ती अमीरबीला सारखी 'का' विचारायची, आणि उत्तरं शोधता शोधता अमीरबीला स्वतःच्या बोटांचं कौतुक वाटू लागलं होतं. घरी भाकरी थापताना ती मधेच थांबून हात निरखायची. एवढं सगळं ह्यांच्यात होतं आणि आपण नुसतं तेल चोळून आग शांत करत राहिलो, असं तिच्या मनात यायचं.

मार्चमध्ये ट्रकातून मोठी लाकडी खोकी आली. जेवणाच्या सुट्टीत बाया त्यांच्याभोवती फिरून आल्या. आत काय आहे, हे अमृतरावांच्या मुनीमालाही सांगता येईना. शेवटी अमीरबीनं बुद्धप्रियाला विचारलं.

बुद्धप्रियानं आडपडदा ठेवला नाही. आत सरकता पट्टा होता, वर कॅमेरे होते आणि हवेचा झोत मारणाऱ्या नळ्या होत्या. अमीरबी टॅबमधल्या प्रोग्रॅमला जे शिकवत होती ते ह्या यंत्रात बसणार होतं. पुढच्या हंगामापासून मिरची हेच निवडणार होतं. किती बाया लागतील, असं विचारल्यावर तिनं खाली बघितलं. पोती ओतायला आणि पट्ट्यापाशी उभं राहायला चार पुरतील, ती म्हणाली.

"मला वाटलं, मालकांनी तुम्हाला सांगितलं असेल, चाची."

बातमी दिवसभरात ओळीत पोचली, आणि त्या संध्याकाळी नागुबाई अमीरबीच्या घरी आली. ओळीत दोघींची पोती शेजारीशेजारी असायची. अमीरबीचा नवरा वारला तेव्हा ती इद्दतीत चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नव्हती. त्या काळात नागुबाईनं टोकाच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं आणि दोघींच्या वाटचं काम एकटीनं उरकलं होतं. तिला काय बोलायचं आहे, हे अमीरबीला ती उंबऱ्यात दिसताच समजलं.

"तू त्याला चुकीचं शिकीव," नागुबाई म्हणाली. "लई न्हाई. थोडंसं. गोंधळलं की मालकच वैतागून माघारी धाडतील."

नागुबाईनं हो-नाही विचारलं नाही. पाणी पिऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुद्धप्रिया जेवायला गेली असताना अमीरबीनं एका फटकी मिरचीच्या फोटोखाली हिरवं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडद्यावर पुढची मिरची आली. तिनं आणखी एक दाबलं. असं मोजून दहा वेळा केलं. दहाव्यानंतर तिनं बोट मागं घेतलं. भरल्या ताटात खडा टाकल्यासारखं तिला वाटलं. उरलेला दिवस तिनं खरी बटणं दाबली.

सकाळी बुद्धप्रिया टॅब घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली आणि काल दुपारी बरं वाटत नव्हतं का, असं तिनं विचारलं. पडद्यावर दहा मिरच्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. अमीरबीनं त्या ओळखल्या.

"यंत्रानं ह्या बाजूला काढून ठेवल्यात," बुद्धप्रिया हळू आवाजात म्हणाली. "ते म्हणतंय, ही उत्तरं अमीरबीची नाहीत."

अमीरबी त्या ओळीकडे बघत राहिली. जन्मात कुणी तिला इतकं ओळखलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पोरींनी नाही. तिला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि त्याखाली कुठंतरी अभिमानही होता. तिसऱ्या फोटोतल्या मिरचीच्या सालीखाली करडी बुरशी चढली होती. कुणाच्या तरी घरी ती कालवणात पडली असती.

"खोड," ती म्हणाली. "दाही फटकी हायत."

बुद्धप्रियानं दाही खोडली. पुढं काही विचारलं नाही, वरही कळवलं नाही.

नागुबाईला मात्र अमीरबीनं काहीच सांगितलं नाही. केलं म्हणावं तर ते टिकलं नव्हतं आणि केलं नाही म्हणावं तर ते खोटं होतं. एप्रिलअखेर शिकवणं संपलं. कंपनीच्या माणसांनी तिला शाल दिली आणि फोटो काढला. निघताना बुद्धप्रिया तिच्या पाया पडली. तेलंगणातल्या बाजारांतही हेच यंत्र बसणार आहे, हे तिनं जाताजाता सांगितलं.

"तुमचा हात आता सात बाजारांत असेल, चाची."

अमीरबी आयुष्यात हैदराबादला एकदाच गेली होती, तीही दवाखान्यात. सात बाजारांत गेलेल्या हाताचं आपण काय करायचं असतं, हे तिला उमजलं नाही. तिनं पोरीच्या गालावरून बोटं फिरवली.

पुढच्या हंगामात पट्टा सुरू झाला. चौघींत अमीरबीचं नाव पहिलं होतं. नागुबाईचं नव्हतं. सहा बाया मिरची तोडायला शेतात जाऊ लागल्या, नागुबाई त्यांची मुकादम झाली. सुमनबाई लेकाकडे लातूरला गेली. देगलूरकडची नीलम्मा, सगळ्यांत धाकटी, नुकती बाळंत झालेली, घरीच बसली. नागुबाई मोंढ्याच्या रस्त्यानं गेली तरी गोदामाकडे बघत नसे.

अमीरबी पट्ट्यापाशी उभी राहायची. वरून मिरची धो धो पडायची, हवेचा फटकारा बसायचा आणि खाली तीन ढीग होत जायचे. चूक सापडते का, म्हणून ती पहिले आठ दिवस रोज मूठभर मिरची उचलून तपासायची. सापडली नाही. प्रत्येक मिरची तिनं टाकली असती त्याच ढिगात पडत होती. नवव्या दिवशी ती अमृतरावांकडे गेली. गुडघे दुखतात, माझ्या जागी नीलम्माला घ्या, उन्हात जाण्यासारखी तिची तब्येत नाही, असं तिनं सांगितलं. अमृतराव थांब म्हणाले, मनापासून म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती नागुबाईच्या घरी गेली. नागुबाई दारात वाळलेली धुणी काढत होती. तिनं बस म्हटलं नाही. अमीरबीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुपारची बटणं, सकाळची ती ओळ, यंत्र काय म्हणालं ते, आणि आपण काय म्हणालो तेही.

नागुबाईनं लुगड्याची घडी घातली. परत मोडली.

"धाच?" तिनं विचारलं.

"धाच. पुढं हातच उठंना."

नागुबाईनं दोरीवरचं शेवटचं लुगडं ओढून काढलं.

"गुडघे दुखून राहिलेत म्हनं तुझे."

"न्हाई दुखत."

"सकाळी साताला टेंपो येतो," नागुबाई म्हणाली आणि धुणी घेऊन आत गेली.

शेत तेलंगणाच्या शिवेला लागून होतं. ग्यानोबा नावाच्या शेतकऱ्याची दोन एकर मिरची लालभडक पिकली होती. बायांनी एकेक सरी धरली आणि कमरेला पदराचा ओटा बांधून भराभर तोडायला सुरुवात केली. अमीरबीनं पहिली मिरची तोडली. ती झाडावरची होती, जड आणि गार. तिचं बी वाजायला अजून बराच अवकाश होता. अमीरबीनं ती उलटीसुलटी केली, खांद्यापाशी बघितलं, मग ओट्यात टाकली. दुसरीला टोकाशी काळा ठिपका होता. तिनं ती वेगळी धरली आणि कुठं ठेवावी, म्हणून इकडंतिकडं बघू लागली.

"हितं निवडायचं न्हाई, अमीरबी," शेजारच्या सरीतून नागुबाई म्हणाली. "नुसतं तोडायचं."

अमीरबीनं ती मिरची ओट्यात टाकली. पुढच्या मिरचीपाशी बोटं पुन्हा थबकली. बाकीच्या बाया चार झाडं पुढं गेल्या, मग दहा, मग त्यांचं बोलणंही ऐकू येईनासं झालं. नागुबाई मुकादम होती, तिनं सगळ्यांच्या पुढं असायला हवं होतं. ती मात्र शेजारच्या सरीत, तोडून झालेल्या झाडाच्या फांद्या पुन्हा एकदा चाळत उभी होती.