मागच्या खोलीतील चौदा अंश

ज्या दिवशी पुढच्या खोलीत सर्वांत जास्त काम चाले, त्या दिवशी मागची खोली सर्वांत गार पडे. सोमवार ते शनिवार दुपारी तीन वाजता तिथे चौदा अंश सेल्सिअस भरत. रविवारी त्याच वेळी एकोणीस. बाहेरची थंडी सारखी असली तरी हा फरक राही. बॉयलर बदलल्यानंतरही हे आकडे बदलले नाहीत.

मित्रांनो, त्या दोन बॉयलरांपैकी पहिला मी. मी एक जुना घरगुती बॉयलर आहे. सध्या त्याच घराच्या अंगणात, मागच्या खोलीच्या खिडकीखाली आडवा पडलो आहे. भंगारवाला दोनदा आला आणि एकट्याने उचलेना म्हणून दोनदा तसाच परतला. मला कान नाहीत. पण पोकळ लोखंडात आवाज चांगला घुमतो, आणि या घरातले बरेचसे बोलणे माझ्यापर्यंत पोचले आहे.

माझे चार कप्पे ओतीव लोखंडाचे आहेत. कारखान्यात त्यांत दाबाने पाणी भरून ते कुठे पाझरते का हे पाहिले गेले. एका कामगाराने मला टिचकी मारली, आवाज ऐकला, ‘हा सगळ्यांना पुरून उरेल’ असे म्हणून माझ्यावर खडूने फुली केली आणि तो पुढच्याकडे वळला. माझी एवढीच स्तुती झाली. पुढे या घरात, मागच्या खोलीला लागून असलेल्या अरुंद कोठीत, मला बसवण्यात आले. माझे काम सांगायला सोपे आहे. पोटात गॅस जाळायचा, पाणी तापवायचे आणि ते नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरकडे पाठवायचे. केव्हा पेटायचे आणि केव्हा विझायचे हे मात्र मी ठरवत नसे. पुढच्या खोलीच्या भिंतीवर थर्मोस्टॅटची एक डबी होती. तिथली हवा ठरवलेल्या अंशांपर्यंत तापली की डबी मला थांबवी. हवा गार झाली की पुन्हा पेटवी. अशी सव्वीस वर्षे गेली. घरात मला ‘थोरले’ म्हणत. मी पेटताना घरघर होई, तेव्हा ‘थोरले उठले’ असे कुणीतरी म्हणे आणि लोक अंगावरचे पांघरूण काढीत.

घरात तिघे होते. मागच्या खोलीत आजोबा. त्यांनी चाळीस वर्षे एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम केले होते आणि त्यांना दमा होता. दुसरा त्यांचा मुलगा, आणि तिसरी सून. मुलाचा कारखाना बंद पडला, तेव्हा सुनेने इस्त्रीचे काम घरी आणले. गावातल्या तीन वसतिगृहांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि पडदे तिच्याकडे येऊ लागले. पुढची खोली पूर्वी बसण्याउठण्याची होती, तिथे लांब टेबल आले आणि वाफेची मोठी इस्त्री आली. मुलगा गठ्ठे आणी, घड्या घाली, पोचवून येई. सहा दिवस घरातल्या बोळात चादरींचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले असत आणि माणसाला आडवे होऊन जावे लागे. रविवारी बोळ मोकळा असे.

डॉक्टरांनी आजोबांच्या छातीला नळी लावून सांगितले होते, की खोली वीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका; छातीची लागण यांना झेपणार नाही. मुलाने त्याच दिवशी डबीवरची चकती विसावर आणली आणि कुणी हात लावू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली. डॉक्टरांनी वीस सांगितले, आपण वीस ठेवले; त्याच्या दृष्टीने काम झाले होते.

आजोबांच्या दृष्टीने झाले नव्हते. त्यांच्याकडे एक जुना तापमापक होता. दिवसातून चार वेळा ते त्यातला आकडा पाहत आणि उशाजवळच्या गिलाव्यावर पेन्सिलीने लिहीत. सवय जुनी होती. पूर्वी प्रयोगशाळेत मुले खोटे आकडे लिहीत आणि आजोबा ते पकडीत. भिंत भरू लागली, तसतसा त्यांचा आवाज बसत गेला. त्यांना पुढच्या खोलीत झोपवावे तर तिथल्या वाफेने त्यांना ढास लागे. विजेची शेगडी लावावी तर इस्त्रीबरोबर ती सुरू करताच फ्यूज उडे. मग उरलो मी, आणि माझ्यावर संशय येणे स्वाभाविकच होते. चकती वीस सांगते, खोलीत चौदा भरतात, म्हणजे मधला नोकर हुकूम पाळत नाही.

मिस्त्रीला बोलावले. बोळातून त्याला हत्यारांच्या पेटीसकट जाता येईना, म्हणून रविवारी ये असे सांगितले. रविवारी तो आला. मी पेटलेलाच होतो. त्याने माझी ज्योत पाहिली, पाण्याचा दाब पाहिला, मागच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला आणि चटकन काढून घेतला. ‘आज तर झकास चाललाय,’ तो म्हणाला. नंतर माझ्या पाठीवरचा पत्रा खरवडून त्याने पोपडे दाखवले आणि वय झाले आहे, हे असे अधूनमधून हट्ट करायचेच, असे सांगितले. तो लबाड नव्हता. त्याने जे पाहिले ते बरोबर होते. जे पाहिले नाही त्याबद्दल मात्र त्याला अनुमान करावे लागले.

त्या रात्री जेवताना आजोबांच्या खोलीच्या दारातच तिघांचे बोलणे झाले. मुलगा म्हणत होता की नवाच घेऊन टाकू. सून म्हणत होती की त्यासाठी ठेवलेले पैसे आपल्याकडे नाहीत. जे आहेत ते मागच्या खोलीची बाहेरची भिंत आतून जाड थराने झाकण्यासाठी बाजूला काढले आहेत, ओल तिथूनच येते. आजोबांनी दोघांना बोलू दिले.

‘रविवारी हाच बॉयलर एकोणीस अंश देतो,’ ते म्हणाले. ‘रविवारी तो तरुण होतो का रे?’

‘बाबा, बाकीचे दिवस पुढचं दार सारखं उघडतं. मी गठ्ठे नेतो, आणतो. वारा आत येतो ना.’

‘मग पुढची खोली गारठायला हवी. सूनबाई, तुला थंडी वाजते का तिथे?’

‘मला कसली थंडी, बाबा. मी घामाने निथळते.’

माझ्या मते त्या क्षणी उत्तर त्या दारात येऊन उभे होते. पण त्यांना खोकल्याची उबळ आली, सुनेने पाठ चोळली, आणि ते तसेच राहून गेले. नंतर त्यांनी मुलाला तापमापक देऊन सांगितले, की हा एक दिवस पुढच्या खोलीत टांग आणि काय भरते ते मला सांग. मुलाने आज्ञा पाळली. फक्त कामाच्या दिवशी त्याचा हात रिकामा नसे, म्हणून त्याने तो रविवारी टांगला. वीस भरले. आजोबांनी तो आकडाही लिहून ठेवला.

शेवटी त्यांनीच होकार दिला. पोराचा जीव टांगणीला लागलेला त्यांना बघवत नव्हता. ‘घरात दोन म्हातारे खोकतात,’ ते म्हणाले. ‘दोघांपैकी एकच बदलता येतो. तो बदला.’ मुलगा हसला. सून हसली नाही.

मला काढायला दोन माणसे आणि एक सकाळ लागली. माझ्या जागी आलेला नवा बॉयलर पांढरा आहे, माझ्या निम्म्या आकाराचा आहे आणि भिंतीवर टांगलेला आहे. त्याच्याबद्दल मला आकस नाही. खरे ते लिहिले पाहिजे: दहा भाग गॅस जाळला तर मी सात भागांची उष्णता घराला देत असे आणि तीन भाग धुराड्यातून वाया घालवी, तो नऊ भागांची देतो. गॅस वाचला. कुणी केवळ गॅससाठी मला बदलले असते तर काही वर्षांनी तो व्यवहार फायद्याचा ठरला असता. मला बदलले होते ते मागच्या खोलीसाठी, आणि भिंतीचे पैसे त्यात गेले.

पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता आजोबांनी आकडा पाहिला. मी खिडकीखाली होतो. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही, पण पेन्सिलीचा आवाज आला. मग मुलगा आला, आणि ‘आता कसं वाटतं, बाबा?’ असे त्याने विचारले.

‘उबदार आहे,’ आजोबा म्हणाले.

चाळीस वर्षे इतरांचे खोटे आकडे पकडणाऱ्या माणसाने माझ्या ऐकण्यात सांगितलेली ही एकमेव खोटी गोष्ट. तेव्हापासून ते भिंतीवर उशीच्या आड, खाली लिहू लागले. मुलगा निर्धास्त झाला. नव्या यंत्राचे पैसे भरून काढायचे म्हणून सुनेने चौथ्या वसतिगृहाचे काम घेतले. पूर्वी इस्त्री पाचला थांबे. आता आठला थांबू लागली.

हिवाळ्याच्या तिसऱ्या महिन्यात आजोबांना छातीची लागण झाली आणि नवव्या दिवशी ते गेले. एका मृत्यूवरून मी निष्कर्ष काढणार नाही. वय एक्याऐंशी होते. दमा जुना होता. चौदा अंशही होते. पलंग हलवताना सुनेला उशीआडची भिंत दिसली. ती बराच वेळ तिथे उभी असावी, कारण मला तिची पावले ऐकू आली नाहीत. मग ती नवऱ्याला एवढेच म्हणाली, ‘अहो, ते आपल्याला उबदार आहे म्हणत होते.’

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, वेळच्या वेळी त्याची साफसफाई करा, हे तुम्हाला कुणीही सांगेल आणि ते बरोबरच आहे. माझी विनंती थोडी वेगळी आहे. यंत्र बिघडले आहे असे वाटले, तर ते ज्या वेळी बिघडते त्याच वेळी त्याच्याकडे पाहा. सोयीच्या दिवशी पाहू नका. आणि घरात कुणी भिंतीवर आकडे लिहीत असेल, तर दिवसातून एकदा ते वाचा. त्याला कसे वाटते हे विचारून भागत नाही.

नव्या बॉयलरची पहिली तपासणी विकणाऱ्यांकडून फुकट होती. पण त्यांचा माणूस रविवारी येत नाही. तो गुरुवारी दुपारी, इस्त्री चालू असताना, गठ्ठ्यांवरून पाय टाकीत कोठीत आला. बॉयलर विझलेला होता. त्याने तो उघडला, काही दोष सापडेना. मागच्या खोलीत डोकावून त्याने हात चोळले आणि तो पुढे गेला. पुढच्या खोलीत त्याने सुनेला इस्त्री बंद करायला आणि खिडकी उघडायला सांगितले. वीस मिनिटे झाली असतील. कोठीतला बॉयलर आपोआप पेटला.

तो सुनेला घेऊन मागच्या दाराशी आला.

‘ताई, टेबल तिथे कधी ठेवलं?’

‘काम सुरू केलं तेव्हा. प्लग त्याच भिंतीला आहे.’

‘आणि ती डबी टेबलाच्या बरोबर वर. तिला तुमची वाफ लागते.’

सुनेने विचारले, की जुना होता त्याचेही असेच होत असेल का. त्याने अंगणात माझ्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. नंतर त्याने डबी काढून मागच्या खोलीच्या भिंतीवर बसवली. त्याला अर्धा तास लागला. शनिवारी त्या रिकाम्या खोलीत दुपारी तीन वाजता वीस अंश भरले. सुनेने आकडा मोठ्याने वाचला, म्हणून मला कळला.

कारण असे. थर्मोस्टॅट फक्त स्वतःभोवतीची हवा मोजतो, आणि तो इस्त्रीच्या टेबलाच्या वर हातभर अंतरावर होता. इस्त्री चालू असली की त्याच्याभोवती विसांहून अधिक अंश होत, घर तापले असे समजून तो बॉयलर विझवी, आणि इस्त्री थांबेपर्यंत मागच्या खोलीत गरम पाणी जात नसे.