काय काय येतं

“टॉवेलवाल्या काकू तुम्हीच का?”

ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून नर्स बाहेर आली होती. मास्क हनुवटीखाली ओढलेला आणि तोंडावर अजून न विरलेलं हसू. आत माझ्या नवऱ्याच्या कवटीला भोक पाडून मेंदूत तार सोडत होते, आणि ही हसत होती.

“काका भारी आहेत हो! डॉक्टर म्हणाले, जागेच राहा आणि बोलत राहा, बोलणं अडखळलं तर आम्हाला लगेच कळतं. तर काका थांबायलाच तयार नाहीत. आधी म्हणाले, माझं डोकं कुणी भादरलंय, त्याला माझ्याकडे शिकायला पाठवा. मग तुमचा तो टॉवेलचा किस्सा. मोठे डॉक्टरसुद्धा हसले. आणि हाताची थरथर थांबली बरं का, करंट दिल्याबरोबर. एकदम शांत!”

मी हात जोडले. तिला वाटलं, आनंदाने जोडले.

तो किस्सा असा. तीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या ऑफिसात मी मुलाखतीला गेले होते. टायपिंगची परीक्षा पास झाले होते, अर्जांचे नमुने तोंडपाठ होते. समोर तिघे बसले होते. मधल्याने विचारलं, “तुम्हाला काय काय येतं?” आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसून गेलं. यांच्या सलूनचे चाळीस टॉवेल मी रोज धुवायची, त्या दिवशीही दोरीवर वाळत घालून निघाले होते. तेवढेच डोळ्यांपुढे राहिले. मी म्हणाले, “टॉवेल.”

एवढंच. घरी येऊन यांच्यापाशी रडले. यांनी पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि माझ्या रडण्याचा किस्सा झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पसरला. तेव्हापासून भाजी घ्यायला निघाले तरी कुणीतरी विचारायचंच, “वहिनी, वाळले का टॉवेल?”

यांना गल्लीत रेडिओ म्हणायचे. फेस लावल्यापासून तुरटी फिरवेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा स्वभाव. मनात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा. वाईट मनाच्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. मी काही बोलले की म्हणायचे, “अगं, लोक हसतात, चार घटका बरं वाटतं त्यांना. तुझं काय जातं?” माझं काय जातं, ते मला कधी नीट सांगता आलं नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्ची.

मग यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, चिमटीत काही चोळत असल्यासारखा. मग मनगट. गिऱ्हाईक दाढीला म्हणून यायचं, वस्तऱ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, “आज नुसते केस कापा.” पुढे केसांनाही येईनासं झालं. कंपवाताच्या गोळ्यांनी चार-पाच वर्षं निभावली, मग गोळ्याही थकल्या. शेवटी डॉक्टरांनी मेंदूत तार आणि छातीत बॅटरी बसवायचं सुचवलं. हे म्हणाले, “म्हणजे आता खराखुरा रेडिओ झालो की मी!” दवाखान्यातही हशा.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मशीन सुरू केलं. मशीन जुळवणारी मुलगी हुशार होती. टॅबलेटवर तासभर खटपट करून तिने दोन वेगवेगळे नंबर लावून दिले. एक नंबरवर हात दगडासारखा स्थिर, पण जीभ जड होते, आवाज ओठांच्या बाहेर पडत नाही. दोन नंबरवर आवाज खणखणीत, पण हात थोडा थरथरतो. “दोन्ही एकदम नाही जमत आहे, काका. काम असेल तेव्हा एक लावा, गप्पा मारायच्या तेव्हा दोन,” असं म्हणून तिने रिमोट माझ्या हातात दिला. घरी टीव्हीचासुद्धा मीच चालवते. यांना बटणांचा कंटाळा.

पहिले दोन दिवस दोन नंबर लावला. घरात माणसांची रीघ लागली. कवटी उघडी असताना आपण डॉक्टरांना कसं हसवलं, ते हे सांगत होते. म्हणजे किस्सा सांगत असतानाचा किस्सा, आणि त्याच्या पोटात टॉवेल. दोन दिवसांत मी तो नऊ वेळा ऐकला. नवव्या वेळी मी चहाचे कप धरून दारात उभी होते आणि समोरच्या घरातली नवी सून माझ्याकडे बघून पदराआड हसली. कप खाली ठेवले, स्वयंपाकघरात गेले आणि एक दाबला.

बाहेर एकदम शांत झालं. गाढ झोप लागावी तसं मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

सकाळी यांनी दोन बोटं दाखवली. मी म्हणाले, “दोन नंबर बिघडलाय. पुढच्या तपासणीला बघतील.”

पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती.

यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर न ठेवायला मी कधी कारणच दिलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात हे दुकान उघडायला गेले. हात असा स्थिर, की पंचविशीतसुद्धा नव्हता. गिऱ्हाइकं आली, कौतुकाने बसली. एक ओरखडा नाही, कल्ले सुतात. पण यांच्या तोंडून नुसती पुटपुट. गिऱ्हाईक म्हणायचं, “काय म्हणालात?” हे पुन्हा सांगायचे. “काय?” तिसऱ्यांदा गिऱ्हाईक उगाच मान डोलवायचं. पंखा आणि कात्री, एवढेच आवाज. “बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं,” असं हेच म्हणायचे. तसंच झालं. दाढी काय, चौकापलीकडे तीन दुकानांत होत होती. लोक रेडिओ ऐकायला यायचे. चौथ्या महिन्यात यांनी दुकानाची किल्ली मालकाला परत केली आणि टॉवेलांचं गाठोडं घेऊन घरी आले. त्या दिवशी दाराकडे तोंड करून खूप वेळ काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ गेले नाही. जवळ गेले असते तर कदाचित ऐकू आलं असतं.

आणि मी बोलायला लागले होते. कुणी भेटायला आलं की हे ओठ हलवायचे आणि मी अर्थ सांगायची. “बरं वाटतंय म्हणतात.” “दुकानाचा कंटाळाच आला होता म्हणतात.” हे माझ्याकडे बघत राहायचे. लोक म्हणायचे, काकू, तुम्ही आहात म्हणून. दोन बोटं तर हे रोज दाखवायचे, आणि मी रोज म्हणायची, तपासणीला बघतील.

तपासणीच्या दिवशी त्या मुलीने टॅबलेट यांच्या छातीजवळ धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“दोन नंबर फक्त दोन दिवस वापरलाय? सहा महिन्यांत?”

मशीन हे सगळं लिहून ठेवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“यांनाच नको असतो,” मी म्हणाले. “हात थरथरतो ना, लाज वाटते म्हणतात.”

“पण बिघाड काही नाहीये त्यात. उत्तम चालू आहे.”

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हळूहळू वळवली. या आजारात सगळंच हळू होतं, कळणंसुद्धा तेवढ्याच वेगाने चेहऱ्यावर आलं. मी पर्स घट्ट धरून बसले. आत रिमोट होता.

“लावून बघू या,” मुलगी म्हणाली आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. यांचा उजवा हात मांडीवर थरथरू लागला. “हं काका, बोला. काहीही बोला, मोठ्याने. मला आवाज तपासायचाय.”

यांनी घसा साफ केला.

“आमची ही एकदा मुलाखतीला गेली होती.”

तोच आवाज. भरलेल्या दुकानात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो. माझा अंगठा पर्समध्ये बटणावर गेला. यांना ते दिसलं. थांबले मात्र नाहीत.

“समोर तीन साहेब. त्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला काय काय येतं?”

इथे हे नेहमी थांबायचे. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून वर उचलून, अख्खं दुकान श्वास रोखेपर्यंत. आताही थांबले. मुलीच्या ओठांवर हसू तयार होतं. मला वाटलं, एक दाबावा. नुसतं बोट दाबायचं होतं.

“ही म्हणाली, सगळं येतं.”

मुलगी वाट बघत राहिली. मग म्हणाली, “मग? मिळाली का नोकरी?”

“मिळाली,” हे म्हणाले. माझ्या पर्सकडे बघत होते. “उशिरा मिळाली. पण मिळाली.”

मुलगी आपली हसली. “आवाज झकास आहे की काका! मग दोनच ठेवू या ना?”

“नको. एक लाव.”

“अहो, पण बोलता येणार नाही.”

“लाव, बाळ. माझं बोलून झालं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वीसारखं डोक्यातलं सगळं पुसून गेलं होतं.

घरी आल्यावर मी रिमोट यांच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणाले, “दोन करते. हवं ते बोला. शिव्या द्या. टॉवेलचं सांगा, सगळ्या गल्लीला बोलावून सांगा.” यांनी एका बोटाने रिमोट माझ्याकडे सरकवला. रोज ठेवते, रोज सरकवतात. बोट जराही हलत नाही.

दुकान गेलं तरी टॉवेल मी धुते, नाहीतर कुबट वास येतो. संध्याकाळी हे दोरीवरून काढून आणतात आणि खुर्चीत बसून घड्या घालतात. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, वरून तळहात फिरवून. चाळीसच्या चाळीस. घडी अगदी सरळ पडते. माझी इतकी सरळ कधी पडली नाही.