कारखान्यातली गादी

निरंजनची दाढ मधोमध चिरली तेव्हा बुधवारा पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत दात आवळता का?" तो नाही म्हणाला. शेजारी बसलेली त्याची बायको तृप्ती म्हणाली, "आवळतात. बाजूच्या माणसाची झोप मोडावी इतके."

निरंजन कागदाच्या कारखान्यात होता. वडील जळगावाकडून येऊन इथे चिकटले, त्यांच्या मागे तो. आता मोठ्या मशीनच्या कंट्रोल रूममध्ये त्याची खुर्ची होती. वर्षभरात मशीनचा वेग वाढला, माणसं वाढली नाहीत. पळता कागद मध्येच फाटला की मशीन थांबायचं आणि पहिला फोन त्याला यायचा. फोन वाजला की छातीत काहीतरी आवळून यायचं. एकदा त्या भरात त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून भिंतीवर आपटलं होतं. सोबतच्या संतोषने नुसतं हेल्मेट उचलून खुंटीला लावलं. पण त्या दिवसापासून निरंजनच्या मनात किडा शिरला, की हे कुणीतरी वर पोचवलं असणार.

म्हणून दिवाळीनंतर कामगार विभागाचे नवे साहेब, मयूर सर, कँटीनमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "आप लोगों का टेन्शन कम करना है, कंपनीकडून ज्युडोची क्लास सुरू करतोय," तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निरंजनने नाही. चहातलं दूध कमी करणारी कंपनी आपल्या मनाची काळजी कधीपासून करायला लागली?

जुन्या गोदामात निळ्या गाद्या अंथरल्या गेल्या. शिकवायला राजपुऱ्यातल्या तेजस्विनी मॅडम येऊ लागल्या. तिथे त्यांची स्वतःची छोटी व्यायामशाळा होती. अंगाने बारीक, आवाज खालचा. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला पाडायचं शिकवलंच नाही. पडायचं कसं, एवढंच. हनुवटी छातीला लावायची, हात गादीवर सपकन मारायचा आणि श्वास सोडून द्यायचा. मोठमोठी माणसं लहान पोरांसारखी धपाधप पडत होती आणि हसत होती. निरंजन पडला, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं. दारात मयूर सर हाताची घडी घालून उभे होते आणि कोण धापा टाकतोय, कोण गुडघा धरून उठतोय, हे एकेकाचं पाहत होते.

"भाऊ, श्वास धरून ठेवलाय तुम्ही," मॅडम त्याला म्हणाल्या. "सोडा ना."

"सोडलाय," तो म्हणाला.

त्या पुढे गेल्या. या बाईला बरंच दिसतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला ते आवडलं नाही.

भिकनभाऊ हे कागदाचा लगदा करणाऱ्या पल्प विभागातले जुने कामगार, मूळचे तुकईथडचे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली आणि गुडघे बोलायला लागलेले. तरी ते हौसेने गादीवर यायचे. निरंजनने त्यांना सायकल स्टँडपाशी गाठलं.

"भाऊ, तुम्ही येऊ नका उद्यापासून."

"का रे बाबा? मले तं मोकळं वाटी राहिलं."

"ही क्लास नाहीये, तपासणी आहे. ऑर्डरी कमी झाल्यात. कुणाला घरी पाठवायचं, ते बघून राहिले हे लोक. तुमचा गुडघा सगळ्यांसमोर दाखवायची काय गरज?"

भिकनभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुले कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

दुसऱ्या दिवसापासून भिकनभाऊ आले नाहीत. निरंजन मात्र जात राहिला. आपण नाही गेलो तर तेही लक्षात येईल, असा त्याचा हिशेब. घाम दिसू नये म्हणून तो आत जाड बनियन घालायचा. दम लागला की पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जायचा. शरीराला आराम पडावा म्हणून काढलेल्या तासाने तो आणखीच थकत होता. तरी एक गोष्ट त्याला मान्य करावी लागत होती. संतोषची कॉलर घट्ट धरून तो झटायचा, तेवढा वेळ डोक्यात फोन वाजायचा नाही.

मग एका सकाळी त्याने मॅडमना मयूर सरांच्या गाडीपाशी पाहिलं. सर काहीतरी समजावत होते, मॅडम मान हलवत होत्या. होकाराची मान की नकाराची, ते लांबून कळेना. निरंजन धरून चालला, होकाराचीच.

तास संपल्यावर त्याने त्यांना थांबवलं. "मॅडम, एक विचारू? तुम्ही त्यांना आमच्याबद्दल काय सांगता?"

तेजस्विनी मॅडम गाद्या झटकत होत्या. त्यांनी हातातली गादी खाली ठेवली.

"विचारलं होतं त्यांनी. कोण कमजोर आहे, कोण लवकर चिडतं. मी म्हटलं, माझ्या गादीवर कोण कसा पडतो ते मी बाहेर बोलत नाही."

"मग तरी क्लास चालू कशी?"

"ते मलाही माहीत नाही. बंद होईलही उद्या." त्या त्याच्याकडे सरळ बघत होत्या. "तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या. मी शपथ खाणार नाही."

खोटं बोलणारा माणूस शपथ खातो आणि हुशार खोटारडा खात नाही, असं मनाशी म्हणत निरंजन बाहेर पडला. घरी त्याने तृप्तीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"अहो, तुमच्या मते खरं बोलणारं कुणी आहे का तिथे?" तिने विचारलं.

तो हात धुवायला उठला.

पुढच्याच आठवड्यात मयूर सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चांगला दुधाचा चहा मागवला.

"निरंजनजी, तुम्ही एकदम रेग्युलर आहात. लोक तुमचं ऐकतात. भिकनने तुमच्या सांगण्यावरून यायचं सोडलं, बरोबर?"

निरंजनचा कप हातातच राहिला.

"मला रागबिग नाही," सर हसून म्हणाले. "उलट, तुम्हाला माणसं कळतात. मॅडम थोड्या अडियल आहेत, काही सांगत नाहीत. तुम्हीच सांगत जा, कोणाची बॉडी साथ देत नाही, कोण प्रेशरमध्ये तुटतो. आपस की बात. कंट्रोल रूममध्ये तुमची जागा पक्की समजा."

म्हणजे संशय खरा होता. पण तो त्याने चुकीच्या माणसावर, मॅडमवर घेतला होता. निरंजनला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. "बघतो," एवढंच म्हणून तो उठला. नाही म्हणायला जीभ वळली नाही.

केबिनच्या काचेतून अख्खा पॅसेज दिसतो, आणि पॅसेजमधून केबिन. दुपारपर्यंत कारखानाभर झालं की निरंजनने साहेबांबरोबर चहा घेतला. कँटीनमध्ये तो बसला की बाकावरचं बोलणं थांबायचं. संतोष समोर बसून जेवायचा, आता ताट घेऊन खिडकीकडे वळला. इतके महिने निरंजन ज्या नजरेने सगळ्यांकडे बघत होता, त्याच नजरेने सगळे त्याच्याकडे बघू लागले.

पुढच्या तासाला त्याच्याशी जोडी लावायला कुणी पुढे येईना. मॅडमनी संतोषला हाक मारली. संतोष आला, पण आज त्याची पकड वेगळी होती. त्याने निरंजनला ओढलं, कमरेवर घेतलं आणि असं फेकलं की गोदामाचा पत्रा वाजल्यासारखं झालं. निरंजनचा हात आपोआप गादीवर आपटला आणि श्वास आपोआप सुटला. इतका मोठा, की त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं.

तो उठला नाही. बसूनच म्हणाला, "संतोष, त्यांनी मला तुमच्याबद्दल सांगायला बोलावलं होतं. कोण दमतो, कोण चिडतो. मी काही सांगितलं नाही. पण तोंडावर नाहीही म्हटलं नाही."

दारात मयूर सर नव्हते, पण त्यांच्या ऑफिसातला माणूस होता. निरंजनला तो दिसला होता आणि तरी तो बोलला होता.

"आणि हे आम्ही खरं मानायचं?" संतोषने विचारलं.

"नका मानू. मीही कुणाचं मानत नव्हतो."

त्या महिन्याअखेर क्लास बंद झाला. गाद्या कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही. निरंजनची बदली यार्डात झाली, रद्दी कागदाचे गठ्ठे उतरवून घ्यायला. काम उन्हाचं, धुळीचं, आणि पगारातला शिफ्टचा भत्ता गेला. भिकनभाऊंना मुदतीआधीच घरी बसवलं. निरंजन त्यांना भेटायला तुकईथडला गेला, तेव्हा ते भावाच्या केळीला पाणी सोडत होते.

"गुडघ्यामुळे काढलं की वयामुळे, कोन सांगीन," ते म्हणाले. "तू म्हनला म्हनून मी गेलो नाही. गेलो असतो तरी काढलंच असतं. पन तेवढे दिवस बरं वाटलं असतं, एवढंच."

ते रागावले नव्हते. निरंजनला ते जास्त लागलं.

तेजस्विनी मॅडमनी राजपुऱ्यातल्या आपल्या व्यायामशाळेत कारखान्यातल्या लोकांसाठी संध्याकाळची वेळ ठेवली. येणारे थोडेच होते. पहिल्या संध्याकाळी निरंजन दाराशी घुटमळला. आत संतोष कमरेचा पट्टा बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि पट्ट्याची गाठ ओढली. मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

ते समोरासमोर उभे राहिले. संतोषच्या डोळ्यांत अजून शंका होती, निरंजनला ती स्पष्ट दिसली. कदाचित ती कायमच राहील. संतोषने त्याची कॉलर धरली, निरंजनने त्याची बाही.

"दम लागला तर सांग," संतोष म्हणाला.

"लागलाय," निरंजन म्हणाला, आणि तरीही पकड सोडली नाही.