बद्द वाजणारा रुपया

रंगूबाईंनी देव्हाऱ्याखालचा डबा पुन्हा उपडा केला आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुपया त्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्याला गाठ मारून ठेवला होता. त्याच फडक्यात मोडके पैंजण गुंडाळून त्यांनीच ते सकाळी नातसुनेच्या हाती दिले होते, मोडीत घालायला!

"कल्पिता, फडकं कुठाय गो?"

"सराफाकडेच राहिलं. आजी, चांदीचा भाव काय चढलाय! सान्वीचा चमचा त्यातच बसला."

"चमचा घे नि रिक्षा बोलव. त्या गाठीत आपला रुपया होता!"

उद्या पणतीचं, सान्वीचं उष्टावण. या घरातल्या प्रत्येक बाळाने पहिली खीर त्या रुपयावरून चाटली होती. रंगूबाईंच्या नवऱ्याने, मुलांनी, नातवानेसुद्धा.

शहाडच्या पुलावर रिक्षा अडकली. रंगूबाई सीटच्या टोकावर बसून पुढच्या टेंपोला शिव्या घालत होत्या.

"एवढं काय आहे त्यात?" कल्पिताने विचारलं.

"अगं, माझे सासरे गुणाजी. मिठागरावर मजुरीत मिळालेला तो. वाण्याने दगडावर आपटला, तर बद्द वाजला. खोटा म्हणून परत दिला. मग कोणीच घेईना. लोक 'खोटा रुपया आला' म्हणून सासऱ्यांनाच चिडवायचे. पण पहिलं पोर झालं तेव्हा घरात चांदी म्हणून तेवढीच. खरा असता तर कधीच मिठामिरचीत गेला असता."

कल्याणला पेढीवर पोचताच रंगूबाई चपला न काढताच आत शिरल्या. सराफ प्रफुल्लशेठ एका तरुणाला जुने रुपये दाखवत होते. तो भिंग लावून एकेक नाणं निरखत होता.

"शेठ, आमचा रुपया! राजाचं डोकं आहे त्यावर."

"आजी, या सगळ्यांवर राजाच आहे," तरुण हसला. "मी नयन. जमवतो ही नाणी. हा ट्रे मी घेतलाय."

"घे रे बाबा. फक्त वाजवू दे."

रंगूबाईंनी पदर खोचला आणि काउंटरच्या दगडावर रुपये टाकायला सुरुवात केली. ठण्ण! ठण्ण! दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. प्रत्येक रुपया देवळातल्या घंटेसारखा खणखणत होता आणि प्रत्येक आवाजाबरोबर रंगूबाईंचा चेहरा उतरत होता. ट्रे संपला.

"सगळे खरे," त्या पुटपुटल्या. "आमचा नाही यात."

नयनचं भिंग खाली आलं. "शेठ, तो मघाशी मी नको म्हटलेला? कडेला चीर होती तो?"

प्रफुल्लशेठ ताडकन उठले. "गाठीत निघालेला? तो पैंजणांबरोबरच तोलला नि वितळवायला गेला! अरे देवराम, मूस ठेवलीस का भट्टीवर?"

"ठेवतोय, शेठ!" आतून आवाज आला.

"ठेवू नकोस!" पाच जण एकदम ओरडले. पाचवी ओरडणारी कुणी अनोळखी बाई होती, जोडवी बघायला आलेली.

देवरामने मूस काउंटरवर उपडी केली. पैंजणांच्या तुकड्यांतून एक काळपट रुपया घरंगळला. रंगूबाईंनी तो उचलून दगडावर टाकला.

बद्द.

"हाच! हाच गो माझा!" त्यांनी कल्पिताला अशी मिठी मारली की तिचा चष्माच पडला.

"आणि चांदी अस्सल बरं का," शेठ म्हणाले. "आत चीर आहे म्हणून वाजत नाही."

"अस्सल?" रंगूबाईंनी रुपया कपाळाला लावला. "ऐकलंत का, मामंजी?" मग चमचा पुढे सरकवून म्हणाल्या, "हा घ्या, रुपया द्या. चमच्याने कुठे उष्टावण होतं?"

"आजी, मला विकाल?" नयनने घाईघाईने विचारलं. "आता मला हाच हवा."

"मघाशी नको म्हणालास ना? आता बस ठण्ण ठण्ण ऐकत!"

दुसऱ्या दिवशी सान्वीने खीर चाटली, रुपया हातात घट्ट धरला, उलटसुलट पाहिला आणि जोरात फरशीवर आपटला.

बद्द वाजला. रंगूबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.