रिपोर्ट, गोळ्या आणि तांबी

ती गाडी चालवायला शिकवायची. त्या सकाळी तिच्या शेजारी स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय त्रेसष्ट, विद्यार्थिनी म्हणून नवख्या. पण आवाज शाळा भरल्याचा. गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. दुपारच्या शिकाऊचा असेल म्हणून तिने बटण दाबलं, तर दवाखान्यातल्या डॉक्टरबाई.

"तुमचा रिपोर्ट आलाय. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींत किरकोळ बदल दिसतायत. कॅन्सर नाही. वर्षाने परत तपासू."

मुख्याध्यापिकाबाईंनी भर चौकात ब्रेक दाबला. मागे हॉर्नचा कालवा सुरू झाला. ती फोन बंद करायला गेली, तर बाईंनी तिचा हात बाजूला सारला. "थांब. ऐकू दे."

"आणि नऊ वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेताय," डॉक्टरबाई सांगत होत्या. "बंद करायलाच हव्यात असं नाही. पण फार वर्षं घेतल्या की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. बंद केल्यावर हळूहळू उतरतो. हार्मोन नको असतील तर तांबी आहे, निरोध आहेत. ठरवा आणि या."

तिने स्टिअरिंगला हात घालून गाडी कशीबशी कडेला लावून घेतली. एवढ्या सगळ्या बोलण्यातून तिच्या डोक्यात एकच शब्द राहिला होता, आणि त्यापुढचं 'नाही' कुठेतरी चौकातच सांडलं होतं.

"त्या नाही म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "मी नीट ऐकलंय." मग त्यांनी पर्समधून वही काढली, मधोमध रेघ मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. "लिही. गोळ्यांचं चांगलं काय?"

"पाळी वेळेवर येते. पोट दुखत नाही."

"वाईट?"

"रोज आठवण ठेवावी लागते. आणि आता ही भीती."

"तांबीचं मी सांगते. बसवताना दुखतं. सुरुवातीला अंगावरून जास्त जातं. मग अनेक वर्षं डोक्याला ताप नाही. माझी अकरा वर्षं होती."

तिने पेन थांबवलं.

"सासूबाई दर महिन्याला विचारायच्या, काही विशेष?" बाई म्हणाल्या. "मी म्हणायचे, प्रयत्न चालू आहेत. ते काही खोटं नव्हतं."

नऊ मिनिटांपूर्वी जिला रडू येत होतं, ती आता पोट धरून हसत होती.

घरी नवरा, पेशाने इलेक्ट्रिशियन, वही दोनदा वाचून गंभीर झाला. "तांबं आहे म्हणतेस. गेज किती?"

"तुझ्या वायरिंगचं काम नाहीये ते."

"तसं नाही गं." त्याने वही मिटून ठेवली. "मीच ऑपरेशन करून घेऊ का?"

असं तो विचारेल हे तिला वाटलं नव्हतं. पण लेकीच्या पाठीवर दुसरं मूल हवं की नको, हे दोघांचंही अजून ठरत नव्हतं. "आत्ता नको," ती म्हणाली, "पण विचारलंस हे लक्षात ठेवीन."

पंधरा दिवसांनी तिने तांबी बसवून घेतली. बदल गोळ्यांमुळेच झाले असं नाही आणि तांबीने ते बरे होतील असंही नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला दोनदा बजावून सांगितलं. तिला ते पटलं होतं. तिला फक्त एक काळजी कमी हवी होती. नवरा बाहेर थांबला होता. ती आली तेव्हा तो खुर्चीवर चढून दवाखान्याची लुकलुकणारी ट्यूब दुरुस्त करत होता. बसून राहणं त्याला जमलं नव्हतं.

पहिले दोन महिने तिने बाईंच्या नावाने खडे फोडले. तिसऱ्या महिन्यात सगळं स्थिरावलं.

वर्षाने तपासणी झाली. पेशी पूर्ववत झाल्या होत्या. असं पुष्कळदा आपोआप होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. तिने दवाखान्याबाहेर गाडीत बसून आधी बाईंना फोन लावला.

"छान," बाई म्हणाल्या. "पुढची तारीख कधीची?"

"अजून घेतली नाही."

"मग फोन ठेव आणि आत जाऊन घेऊन ये."

ती गाडीतून उतरली.