दोन सारख्या बाटल्या

“बाटल्यांत नेमकं काय होतं?” डॉक्टरांनी मॅडमना दुसऱ्यांदा विचारलं.

पलंगावर सासूबाई तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून खोकत होत्या. उशाशी उभा असलेला नवरा बायकोकडे बघत होता. कुठलंही संयुग समोर ठेवा, ते आम्ल, आम्लारी की क्षार हे पोरांकडून वदवून घेणं हा मॅडमचा जन्माचा धंदा. आजचा प्रश्न तर शेवटच्या बाकावरच्या पोरानेही सोडवला असता.

“एकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड,” त्या अखेर म्हणाल्या. “दुसरीत कपड्यांचं ब्लीच. दोन्ही एकत्र झाली की क्लोरीन वायू निघतो.”

“तुम्हाला बरंच माहीत आहे की.”

“केमिस्ट्री शिकवते ती,” नवरा म्हणाला. तो अभिमानाने म्हणाला, हेच जास्त लागलं.

“मग बाटल्यांवर लेबल नव्हतं?”

नव्हतं. मोठ्या कॅनमधून मॅडमनीच त्या दोन सारख्या पांढऱ्या बाटल्या भरल्या होत्या. प्रयोगशाळेत कुणी बाटलीला चिठ्ठी लावली नाही, तर मॅडम त्याचे गुण कापायच्या. ‘नाकाच्या भरवशावर केमिस्ट्री होत नसते’, असं वर सुनवायच्या. घरी मात्र झाकण जरा सैल करून वासावरून ओळखायच्या. घरात कशाला हव्यात चिठ्ठ्या? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आज सून दमून येईल म्हणून सासूबाईंनी बाथरूम घासायला घेतलं. एका बाटलीने फरशीचे डाग निघेनात, म्हणून वरून दुसरी ओतली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारही लावून घेतलं होतं.

“लेबल...” मॅडमनी कसंबसं तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाईंनी मास्क बाजूला सारला. “होतं की,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “भिजून सुटायला लागलं होतं, मीच काढून टाकलं. ती बिचारी सारखी बजावते, एकत्र करू नका म्हणून. माझंच डोकं ठिकाणावर नसतं.”

“आई, तू पण ना!” नवरा भडकला. “घरात एवढी शिकलेली सून आहे, तिचं ऐकायला काय होतं गं तुला?”

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी खरं सांगितलं नाही. जिवाला धोका नाही, पण आज इथेच ठेवू, असं सांगून डॉक्टर गेले. नवरा औषधं आणायला खाली गेला.

“आई, खोटं का बोललात?”

“मग काय करू? शाळेत कळलं तर पोरं हसतील तुला.” सासूबाईंना पुन्हा उबळ आली. “चार लोकांत तुझी मान खाली जायला नको.”

“आणि तुमची गेली ती?”

“माझी कोण बघतंय!”

त्या हे सहज म्हणाल्या, रागाने नाही. मॅडमना त्यांच्याकडे बघवेना. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

नवरा औषधांची पिशवी घेऊन आला, तशा त्या उठून उभ्या राहिल्या. “लेबल नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कधीच नव्हतं. आणि मी आईंना काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं.”

नवऱ्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. त्याने पिशवी खाली ठेवली, आईच्या पायांवरची चादर नीट केली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

“झालं समाधान?” सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, “बरं, आता तरी सांग. कशात काय घालायचं नाही?”

मॅडम स्टूल ओढून बसल्या. वर्गातला तो खणखणीत आवाज काही निघेना.

“ॲसिड आणि ब्लीच. ही दोन कधी एकत्र करायची नाहीत.”

सासूबाई मान हलवून, कान देऊन थांबल्या होत्या. “हं. पुढे?”

“पुढे काही नाही, आई. एवढंच.”